बाळीवेशीत वेस कुठे आहे?

या सदराकडे गेल्या दोन महिन्यांत सोलापूरहून इतकी पत्रे आली, की यावेळचे सगळे सदर त्याच शहराला देणे भाग पडले. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. पत्रलेखकांची नावे न देता ते राहतात तो भाग तेवढा दिला आहे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षे झाली. साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितले आहे. माझा जन्म इथलाच, शाळा इथलीच, आणि बाळीवेशीतून मी हजारो वेळा गेलो असेन. परवा नातू सोबत होता. त्याने विचारले, "आजोबा, बाळीवेशीत वेस कुठे आहे?" मला उत्तर देता आले नाही. इतिहासाचे ग्रंथ वाचण्याची मला सवय नाही. चालता चालता आपले गाव समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात कुठून करावी?
*(उत्तर कसबा)*

उत्तर : आपल्या नातवाने सुरुवात करून दिलेलीच आहे. आपण फक्त त्याचा प्रश्न सोडू नये. सोलापूरला एके काळी गावाभोवती तट होता आणि त्या तटाला वेशी होत्या. १८६० मध्ये रेल्वे आली, बाजार वाढला, वस्ती तटाबाहेर पसरू लागली, आणि १८७२ च्या सुमारास नगरपालिकेने वाढत्या गावाला जागा करून देण्यासाठी त्या तटाचा बराच भाग पाडून टाकला. दगड गेले, पण नावे लोकांच्या तोंडात राहिली, आणि आज तीच आपल्याला वाट दाखवतात. एका कागदावर बाळीवेस, विजापूर वेस आणि तुळजापूर वेस या जागा ठिपक्यांनी मांडा, त्या एका वाकड्यातिकड्या रेघेने जोडा, आणि पहिला आठवडा त्या रेघेच्या आतबाहेर चालण्यात घालवा. आत गल्ल्या अरुंद आहेत, वळणाच्या आहेत आणि त्यांच्या नावांत कसबा आहे, म्हणजे मूळ गाव. बाहेर रेल्वे लाइन्सकडे गेलात की रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ होतात आणि नावांतच इंग्रजी येते. हा फरक पायांना आधी कळतो, पुस्तक नंतर.

वेशींची नावे बहुधा तिथून निघणारी वाट जिथे पोचते त्या ठिकाणावरून पडतात. विजापूर वेशीतून विजापूरची वाट निघते आणि तुळजापूर वेशीतून भवानीची. त्याच न्यायाने बाळीवेशीचा संबंध पुण्याच्या वाटेवरील खंडोबाच्या बाळे गावाशी लागतो का, हे आपण नातवाला घेऊन पडताळून पाहावे. मात्र हा अंदाज आहे, तो वहीत अंदाज म्हणूनच लिहावा. माझी स्वतःची पद्धत अशी आहे, की वहीच्या डाव्या पानावर डोळ्यांनी पाहिलेले लिहायचे आणि उजव्या पानावर कोणी सांगितलेले. दोन्ही पाने महत्त्वाची आहेत, फक्त ती एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत. सोलापूरविषयी जे काही चुकीचे छापले गेले आहे, त्यातले पुष्कळसे उजव्या पानावरून डाव्या पानावर उडी मारलेले आहे.

दुसऱ्या आठवड्यात भुईकोट किल्ल्याकडे जावे. आपण तिथे शाळेच्या सहलीत गेला असाल, नंतर बागेत मुलांना घेऊन गेला असाल. आता फक्त तटाचे दगड पाहण्यासाठी जावे. बहमनी काळात, चौदाव्या शतकात उभ्या राहिलेल्या या दुहेरी तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले आहेत. आडवा असायला हवा तो नक्षीचा पट्टा उभा लागलेला दिसतो, कुठे अर्धे कमळ चुन्याखाली गेलेले असते. आत उत्खननात एका जुन्या देवळाचे अवशेषही निघाले आहेत, आणि ते बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धराम, म्हणजेच सोलापूरचे सिद्धेश्वर, यांच्या काळातील कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाचे देऊळ होय असे मानतात. एका बाजूला तळ्याचे पाणी तटाला भिडते, त्यामुळे त्या अंगाने खंदकाचे काम तळेच करते. या किल्ल्यासाठी विजापूरचे आदिलशहा आणि अहमदनगरचे निजामशहा पिढ्यान्‌पिढ्या भांडत होते. शेवटी हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी हिचा अली आदिलशहाशी विवाह झाला, तेव्हा किल्ला तिच्याबरोबर हुंड्यात विजापूरकडे गेला, आणि त्यानंतर लगेच १५६५ मध्ये हे दोन्ही सुलतान तालिकोटच्या लढाईत एका बाजूने उभे राहिले. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने किल्ला घेतला आणि पेशवाईचा हा भाग इंग्रजांकडे गेला. किल्ल्याचा राजकीय इतिहास मी इथेच थांबवतो, कारण तो कोणत्याही माहितीपत्रकात मिळतो आणि आपल्याला चालायचे आहे.

चालण्यासाठी सोलापूरकरांना एक तयार वाट बाराव्या शतकातच आखून मिळालेली आहे, आणि तिच्याकडे आपण बहुतेक वेळा फक्त गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत पाहतो. बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांचे समकालीन असलेले सिद्धराम यांनी इथे तळे खोदवले आणि पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगे स्थापिली. आजही संक्रांतीच्या आदल्या दिवशी सात नंदीध्वज उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यातून निघतात आणि या अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकाला जातात. आपण तर उत्तर कसब्यातच राहता, म्हणजे मिरवणूक दारावरून जात असेल. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी ती उंच काठी कमरेच्या पट्ट्यात तोलून नेतात, तेव्हा आपले लक्ष काठीच्या टोकाकडे असते. यंदा तसे न करता जानेवारी उलटल्यावर, गर्दी ओसरल्यावर त्याच वाटेने एकटे चालून पाहावे. दाते गणपती, दत्त चौक, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा आणि तिथून सिद्धेश्वराचे देऊळ. जुन्या गावाच्या पोटातून विजापूर वेशीने बाहेर पडून तळ्याकडे जाणारा हा रस्ता आहे. तट पडला, पेठा बदलल्या, डांबर आले, आणि तरीही दरवर्षी एक मिरवणूक तो नव्याने चालते. मग अडुसष्टांपैकी आपल्या घराजवळचे लिंग कोणते ते शोधावे. काही मोठ्या देवळांत आहेत, काही इतकी साधी आहेत की शेजारी राहणाऱ्यालाही त्यांचा क्रम ठाऊक नसतो. अडुसष्ट पूर्ण करायला वर्ष लागले तरी चालेल, साखरही तेवढीच आटोक्यात राहील.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. या यात्रेचे शब्द नीट ऐकावेत. तैलाभिषेकाला जुने लोक 'यण्णीमज्जन' म्हणतात. यण्णी म्हणजे कन्नडमध्ये तेल, मज्जन म्हणजे स्नान. शेवटच्या दिवशीची 'कप्पडकळी' म्हणजे वस्त्र उतरवणे. अक्षता पडतात तो संमती कट्टा; सिद्धरामांवर मन जडलेल्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी झाला, त्याची ती आठवण. सिद्धरामांची वचने कन्नडमध्ये आहेत आणि त्यांचे चरित्र राघवांकाने तेराव्या शतकात कन्नडमध्येच लिहिले. सोलापूरच्या इतिहासातील एक मोठा भाग आपल्याला मराठीत सापडत नाही, याचे कारण तो मराठीत घडलेलाच नाही. आपल्या गल्लीत कन्नड बोलणारे एखादे आजोबा असतीलच. नातवाइतकेच त्यांनाही सोबत घ्यावे.

प्रश्न : सोळा गावे मिळून सोलापूर झाले, असे आम्हाला लहानपणापासून सांगितले जाते. महाविद्यालयातील एका सरांनी ते खोटे आहे असे सांगितले, पण खरे काय ते तास संपल्यामुळे राहून गेले.
*(जुळे सोलापूर)*

उत्तर : आपल्या सरांची बाजू बळकट आहे. सिद्धरामांच्या काळात या गावाला सोन्नलिगे किंवा सोन्नलगी म्हणत. मोहोळ तालुक्यातील कामती येथे शके १२३८ चा, म्हणजे इसवी सन १३१६ च्या सुमाराचा, एक शिलालेख सापडला आहे आणि त्यात गावाचे नाव सोनलीपूर असे येते. किल्ल्यातील एका लेखात सोनलपूर आहे, तर किल्ल्यातील विहिरीवरच्या लेखात संदलपूर. सोन्नलगीपासून सोलापूरपर्यंतचा उच्चाराचा प्रवास या पायऱ्यांवरून स्पष्ट दिसतो. इंग्रजांनी त्यातल्या 'स'चा 'श' केला आणि शोलापूर म्हटले. जुन्या कागदांत ते रूप आपल्याला वारंवार भेटेल.

सोळा गावांची यादीही उपलब्ध आहे आणि ती मजेशीर आहे. आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फत्तेपूर, जामदारवाडी, राणापूर, शेखपूर अशी नावे त्यात येतात, आणि त्यांच्याच ओळीत सोनलगी, संदलपूर आणि खुद्द सोलापूरही येते. सोळा गावे एकत्र आल्यावर जर 'सोळापूर' हे नाव पडले असेल, तर ते आधीपासून त्या सोळांतले एक गाव कसे असेल? शिवाय एकाच गावाची तीन वेगवेगळ्या काळांतील नावे तीन गावे म्हणून मोजली गेली असावीत असाही संशय येतो. यादी करणाऱ्याला सोळा हा आकडा गाठायचाच होता. तरीही ती यादी फेकून देऊ नये, कारण तिच्यातील काही वस्त्या कधी काळी खरोखर असणार. त्यांच्या खुणा एखाद्या शिवाराच्या, ओढ्याच्या किंवा दर्ग्याच्या नावात सापडतात का, ते आपल्यासारख्या तरुणाने सायकल काढून पाहण्यासारखे आहे.

प्रश्न : आमच्या शेताच्या वाटेवर एक दगड उभा आहे. शेंदूर फासल्यामुळे नीट दिसत नाही, पण वर चंद्र-सूर्य आणि खाली घोड्यावरचा माणूस आहे. लोक त्याला म्हसोबा म्हणून नारळ फोडतात. हा खरोखर कोणता देव आहे? आणि दुसऱ्या एका दगडावर आकडे आहेत, ते कोणत्या सनाचे हे कसे ओळखावे?
*(दक्षिण सोलापूर तालुका)*

उत्तर : आपण वर्णन केलेला दगड बहुधा वीरगळ आहे. लढाईत किंवा गावाची गुरे सोडवताना पडलेल्या माणसाच्या स्मरणार्थ तो उभा करीत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत मरणाचा प्रसंग, म्हणजे घोडा, ढाल-तलवार किंवा गायींची रांग. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत आहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसला आहे. आणि टोकाशी चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचे नाव राहो. जवळच एखाद्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला, तर ती सतीशिळा समजावी. गाढवाचे शिल्प आणि खाली अक्षरे दिसली, तर तो गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. लोक वीराला म्हसोबा म्हणतात म्हणून त्यांना हसू नये. त्या नारळांमुळेच तो दगड कोणाच्या जोत्यात गेला नाही.

आकड्यांविषयी. शक असेल तर ७८ मिळवावेत, म्हणजे साधारण इसवी सन निघतो. मराठी अमदानीतल्या कागदांत आणि काही लेखांत सुहूर सन येतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. फारसी लेखात हिजरी सन असतो आणि त्याचे वर्ष चांद्र असल्यामुळे नुसत्या बेरजेने तो निघत नाही, तक्ता पाहावा लागतो. आपला तालुका तर या विद्येचे माहेरच आहे. भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे, संगमेश्वराच्या देवळात, शके ९४० चा मराठी लेख आहे. त्यातील 'वाछि तो विजेया होईवा', म्हणजे जो वाचील तो विजयी होईल, ही ओळ आता मराठीच्या सर्वांत जुन्या लेखी पुराव्यांत गणली जाते. ९४० मध्ये ७८ मिळवून पाहा, १०१८ येतात. तो लेख उजेडात आणणारे आनंद कुंभार हे सोलापूरचेच. या जिल्ह्याची गावे फिरून त्यांनी शिलालेखांचा शोध घेतला. कुडलला गेलात तर ३५९ मुखे कोरलेले शिवलिंगही पाहून यावे.

प्रश्न : आम्ही पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर. आमचे ताता, म्हणजे आजोबा, तेलंगणातून आले आणि जुन्या मिलमध्ये लागले. सासूबाईंनी आयुष्यभर विड्या वळल्या. घरात तातांचे एक हजेरी कार्ड आणि पितळी बिल्ला आहे. मुले म्हणतात की यात इतिहास काय, हे भंगार आहे. मिलच्या जागा आता ओळखूही येत नाहीत. चालून काय पाहायचे?
*(अशोक चौक)*

उत्तर : ताई, तो बिल्ला आधी कपाटात नीट ठेवावा. राजांच्या नाण्यांचे संग्रह ठिकठिकाणी आहेत, पण गिरणीतल्या साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या वस्तू कोणी जपत नाही.

जुनी मिल, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, १८७७ मध्ये सुरू झाली. ते वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे, कारण १८७६ ते १८७८ या काळात दख्खनेत भीषण दुष्काळ होता आणि सोलापूर जिल्हा त्याच्या अगदी मध्यावर होता. एकीकडे रेल्वे येऊन सतरा वर्षे झालेली, कापूस हाताशी, आणि दुसरीकडे पोटासाठी कोणतेही काम करायला तयार असलेली माणसे. हा मेळ बसल्यावर गिरणी चालणारच होती. तिचे संस्थापक मुरारजी गोकुळदास यांचे नाव आणि मुरारजी पेठेचे नाव शेजारीशेजारी ठेवून पाहा. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आणि जाम या मिल आल्या. जाम मिलचे पूर्ण नाव जाम श्री रणजितसिंहजी मिल असे होते. नवानगरचे जामसाहेब, ज्यांच्या नावाने क्रिकेटमधील रणजी करंडक आहे, तेच हे. जन्मभर जाम मिलमध्ये काम केलेल्या एका गृहस्थांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग पत्नीकडे पाहिले, जणू तिने हे इतकी वर्षे त्यांच्यापासून लपवून ठेवले होते.

चालताना इमारती शोधू नयेत, कारण पुष्कळशा उरलेल्या नाहीत. मिलमुळे घडलेले गाव शोधावे. गिरणीचा भोंगा हे एके काळी या शहराचे घड्याळ होते. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, की पहिल्या पाळीचा भोंगा झाला की घरात कोण उठत असे, चूल कोण पेटवत असे, डबा कोण नेऊन देत असे. मग ती माणसे ज्या वाटेने जात ती वाट चालून पाहावी आणि किती मिनिटे लागतात ते लिहावे. चाळीचे नळ कोणत्या बाजूला होते, बदली कामगार सकाळी कोणत्या फाटकाशी उभे राहत, पगाराच्या दिवशी वसुलीवाला कुठे थांबत असे, हे कोणत्याही गॅझेटिअरात नाही. ते आपल्या सासूबाईंच्या पिढीकडे आहे, आणि त्यांच्या विड्यांच्या कामाचाही तोच न्याय. पाने कुठून आणत, सुपात किती उजेड लागे, माप कोण घेई, हेसुद्धा लिहावे. साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ या भागांत दुपारी फिरलात तर यंत्रमागाची खटखट अजून कानावर येईल. हातमागावरून यंत्रमागावर, आणि तिथून जेकार्डच्या नक्षीच्या चादरीपर्यंत हे गाव पोचले, ते मुख्यतः आपल्या समाजाच्या हातांनी, आणि आज त्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे.

एक विनंती. तातांच्या आठवणी घरात तेलुगूत सांगितल्या जात असतील, तर त्या तेलुगूतच नोंदवाव्यात. मराठीत नंतर आणता येतील. सांगणाऱ्याला परक्या भाषेत बोलायला लावले, की तो गोष्ट आवरती घेतो.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. दरवर्षी १२ जानेवारीला आम्ही चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालतो, भाषण होते आणि मुले परत येतात. यंदा मुलांना पायी काहीतरी दाखवावे असे वाटते. काय दाखवता येईल?
*(रेल्वे लाइन्स)*

उत्तर : हार शेवटी घालावा आणि चालणे आधी करावे. सुरुवात रूपाभवानीच्या देवळापासून करावी. मे १९३० च्या पहिल्या आठवड्यात गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि सोलापुरात हरताळ, मिरवणुका सुरू झाल्या. ८ मे रोजी लोक शिंदीची झाडे तोडण्यासाठी या बाजूला जमले होते. ताडी-शिंदीच्या उत्पन्नावर सरकारचा महसूल चालत असल्यामुळे झाड तोडणे हा कायदेभंग होता, हे मुलांना तिथेच उभे राहून समजावून सांगावे, म्हणजे मिठाचा सत्याग्रह समुद्रापासून इतक्या दूरच्या गावात कसा झाला ते त्यांना कळेल. त्या दिवशी गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण पडला. तिथून मंगळवार पेठेत यावे. संतापलेल्या जमावाने तिथली पोलिस चौकी जाळली आणि पोलिस मारले गेले. हा भाग शाळांच्या भाषणांत बहुधा गाळला जातो. तो गाळू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पुढच्या खटल्याचा धागा तिथेच आहे, आणि तो सांगितला नाही तर फाशी कशासाठी दिली हे मुलांना कधीच समजत नाही.

पुढे ९, १० आणि ११ मे हे तीन दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नाही आणि काँग्रेसचे स्वयंसेवक व्यवस्था पाहत होते. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला. त्या काळात गांधी टोपी घालणे हासुद्धा अपराध ठरला. मुलांना एकेक कागदी टोपी करून द्यावी आणि चौकातून जाताना ती काढून खिशात ठेवायला सांगावी. भाषणापेक्षा ते अधिक लक्षात राहील. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. चार नावे मोठ्याने वाचली, की चार समाज आपोआप ऐकू येतात, त्यावर वेगळे प्रवचन नको. कुर्बान हुसेन हे 'गझनफर' नावाचे वृत्तपत्र चालवीत, हे मात्र सांगावे, कारण मुलांना ते फक्त पुतळा म्हणून माहीत असतात. चार हुतात्मा चौकात पोचेपर्यंत मुले दमलेली असतील. तिथे पाणी पाजून मगच हार घालावा. वेळ उरला तर भैय्या चौकात जाऊन डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक दाखवावे. १९१० मध्ये या गावात जन्मलेला मुलगा १९३८ मध्ये चीनला जखमींच्या सेवेला गेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला, एवढे सांगितले तरी पुरे.

आपण स्वतः रेल्वे लाइन्समध्ये राहता, म्हणून आणखी एक सुचवतो. वर्गाला नावांची शोधाशोध द्यावी. डफरिन चौकाचे नाव ज्या रुग्णालयामुळे पडले, त्याला ते एका व्हाइसरॉयच्या पत्नीमुळे मिळाले. तिने स्त्रियांच्या उपचारासाठी १८८५ मध्ये निधी उभा केला होता. पाच्छा पेठेतला 'पाच्छा' म्हणजे पातशहा. आणि 'सेटलमेंट' हा शब्द तिथली मुले पत्ता म्हणून सहज लिहितात. गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांना ज्या वसाहतीत डांबून हजेरी घेत, ती ही जागा. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्या वस्तीतील एखादे मूल वर्गात असेल, तर हे आधी त्याच्या घरच्यांशी बोलून, त्यांना हवे त्या शब्दांत सांगावे.

प्रश्न : आमच्या भागातील एका देवळाचा जीर्णोद्धार झाला आणि उंबऱ्याजवळच्या अक्षरांच्या दगडावर चकचकीत तैलरंग मारला गेला. बोललो तर "देवाचे काम आहे" असे उत्तर मिळाले. आता काय करावे?
*(शुक्रवार पेठ)*

उत्तर : रंग स्वतः खरवडू नये, तारेचा ब्रश तर मुळीच लावू नये. रंगापेक्षा त्यानेच अक्षरे अधिक जातात. सकाळी ऊन तिरपे असताना किंवा रात्री बॅटरी दगडाच्या बाजूला धरून छायाचित्रे काढावीत, रंगाखालचे खोदकाम सावलीने उठून दिसते. अक्षरांत पीठ, खडू किंवा कुंकू भरू नये. छायाचित्र, जागेचे वर्णन आणि दगडाची लांबी-रुंदी लिहून राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. देवळाच्या मंडळींशी भांडण वाढवण्यापेक्षा त्या लेखाचे वाचन छापून देवळात लावण्याचा प्रस्ताव ठेवावा. आपल्या देवळाचे वय दगडावर लिहिलेले आहे हे कळल्यावर रंगाचा डबा बहुधा परत जातो.

प्रश्न : किल्ल्यातून तुळजापूरला भुयार जाते, हे खरे का? माझ्या आजीने त्याचे तोंड पाहिले आहे.
*(बेगम पेठ)*

उत्तर : नाही. महाराष्ट्रात ज्या किल्ल्यातून कुठेतरी भुयार जात नाही असा किल्ला मला अजून भेटलेला नाही. आपल्या आजींनी जे तोंड पाहिले, ते तळघराचे, पाणी वाहून नेणाऱ्या मोरीचे किंवा तटातल्या चोरवाटेचे असू शकते. त्यांना ते नेमके कुठे आणि कोणत्या साली दिसले हे विचारून उजव्या पानावर लिहून ठेवावे. तुळजापूर इथून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तिकडची वाट जमिनीवरूनच आहे. कोजागरीला तिच्यावरून रात्रभर माणसे अनवाणी चालत असतात. आजी कधी गेल्या असतील, तर त्या कोणत्या वाटेने गेल्या आणि कुठे थांबल्या, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.